काना आणि मात्रा

तो हसला. सगळे हसले म्हणून तोही हसला, आणि हसून झाल्यावर त्याला कळलं की आपण कशाला हसलो. मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. हिंगोलीच्या सरकारी शाळेच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली, भूगोलाचा संतराम राठोड मास्तर गणिताच्या विश्वंभरपंतांबरोबर पान जमवत उभा होता, आणि फाटकाबाहेर एक लमाण बाई येऊन थांबली होती. आरसे लावलेला घागरा, मनगटापासून दंडापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या, घोट्याच्या वरपर्यंत धूळ. औंढ्याकडून चौदा-पंधरा मैल चालत आलेली असणार हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. चपराशी चाँद पाशा तिला विचारत होता, "कोन गं तू? काहून आलीस?" तिनं बांगड्यांचा हात छातीवर ठेवला, संतरामकडं बघितलं आणि म्हणाली, "याडी. मं याडी." चाँद पाशानं मागं वळून हाळी दिली, "घ्या मास्तर! सोताच म्हून राहिली येडी हाय म्हून!" विश्वंभरपंतांना इतकं हसू आलं की तोंडातलं पान सांभाळताना त्यांच्या सदऱ्यावर लाल शिंतोडे उडाले. "कोण हो ही, राठोड?" डोळे पुसत त्यांनी विचारलं. "असंल कुणी येडी," संतराम म्हणाला, आणि हसला.

त्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. विश्वंभरपंतांच्या भाषेत येडी म्हणजे वेडी. काय फरक? एक काना आणि एक मात्रा. तेवढ्यावर त्यानं जन्मदात्या बाईला वेड्यात काढलं होतं. तिला मराठी कळत नाही अशातलाही भाग नव्हता. जन्मभर गावोगावी जळण विकलेली बाई ती, येडी कशाला म्हणतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं छातीवरचा हात हळूच खाली घेतला. वळली आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागली, आणि तिच्या बांगड्यांचा खडखडाट त्याला चाँद पाशाच्या घंटेपर्यंत ऐकू येत राहिला.

वर्गात गेल्यावर त्याला आधी राग आला तो तिचाच. कशाला आली? अकरा वर्षं पाळलेला करार होता, न बोलता झालेला. दिवाळीला तोच आडवाटेनं तांड्यावर जायचा, दोन दिवस राहायचा, परत यायचा. तिनं शहरात यायचं नाही. आणि आलीच तर लुगडं नेसून यायचं होतं, तांड्यावरच्या किसनसिंगाच्या बायकोचं एखादं मागून. आणि तेही नाही जमलं तर फाटकात उभं राहून तो शब्द तरी उच्चारायचा नव्हता. 'मास्तरच्या गावाकडली' म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? हे सगळं तो मनात म्हणत होता आणि हातातल्या छडीनं युरोपच्या नकाशावर टकटक करत होता. पोरं एकमेकांकडं बघत होती, कारण राठोड मास्तर नकाशाशी असा कधी वागत नसे. छडीचं टोक नेमकं बाल्टिक समुद्रावर होतं. वर फिनलंड, खाली एस्टोनिया. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! त्याला स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटली, पण वर्गात ते शोभलं नसतं.

फिनलंडनं त्याला हिंगोलीत नाव दिलं होतं. छावणी उठून गेली तेव्हा गोऱ्या लोकांनी टाकलेलं एक पुस्तक रद्दीतून फिरत फिरत त्याच्या हाती आलं होतं, युरोपातल्या भाषांवरचं, मागची पानं गेलेलं. त्यानं ते इतक्या वेळा वाचलं होतं की पुठ्ठ्याला त्याच्या अंगठ्याचा डाग पडला होता. मग गेल्या सालच्या हिवाळ्यात रशियानं फिनलंडवर हल्ला केला, वाचनालयात हैदराबादची वर्तमानपत्रं येऊ लागली, आणि जो तो विचारू लागला की हे फिनलंड कुठं आलं आणि हे कोण लोक. तेव्हा साऱ्या गावात उत्तर एकट्या संतरामपाशी होतं. वाचनालयासमोरच्या हॉटेलात बाकावर बसून तो सांगायचा, की फिन माणसाच्या एका बाजूला स्वीडनवाला आणि दुसऱ्या बाजूला रशियावाला, पण त्याच्या भाषेचं दोघांशीही नातं लागत नाही. त्याचा सख्खा शेजारी खाडीपलीकडचा एस्टोनियावाला. लांबचे भाऊ वोल्गा नदीच्या काठी. उत्तरेला बर्फात रेनडिअर पाळणारे लॅप लोक तेही त्यांच्यातलेच. आणि फार पूर्वी फुटून गेलेला एक भाऊ पार खाली, शेकडो कोस दूर, हंगेरीत. दोघं समोरासमोर बसले तर एकाचं दुसऱ्याला अक्षर कळणार नाही. मग नातं कशावरून? इथं तो थांबायचा, चहाचा घोट घ्यायचा. फिन माणूस माशाला कला म्हणतो, हंगेरीवाला हल म्हणतो. फिन तीनला कोल्मे म्हणतो, हंगेरीवाला हारोम. क चा ह झाला, बघा! एकदा नव्हे, शब्दाच्या सुरुवातीला, पुढं आ-ओ-उ असले की दर वेळी, नियमानं. प चा फ होतो. फिनांचा पोईका, म्हणजे मुलगा, तो हंगेरीत जाऊन फिऊ झाला. हात, पाणी, रक्त: माणूस जे घर सोडताना मागं ठेवू शकत नाही तेवढेच शब्द दोघांकडं उरलेत. विश्वंभरपंत म्हणायचे, "आणि आपला पोरका, राठोड? तो पण पोईकाचाच भाऊ का?" सगळे हसायचे. तेव्हाही तो ठासून सांगायचा, "न्हाई पंत. तो नुसता योगायोग. सारखं ऐकू येतं ते नातं नव्हे. नियमानं बदलतं ते नातं." याडी आणि येडी सारखे ऐकू येतात. नातं काही नाही. हे गावात एकाच माणसाला सांगता आलं असतं आणि तो फाटकाशी दात काढत उभा होता.

आणि त्या माशांच्या वासाची गोष्ट! ती तर त्याची आवडती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हंगेरीचा एक पाद्री आकाशातला एक ग्रहयोग बघायला पार उत्तरेला, लॅप लोकांच्या मुलखात गेला. तिथं त्या कातडी पांघरणाऱ्या लोकांचं बोलणं ऐकून चपापला, कारण त्यात त्याच्या घरचे शब्द होते. परत येऊन त्यानं पुस्तक लिहिलं, की बाबांनो, हे आपलेच. तर हंगेरीतले मोठे लोक चवताळून उठले. आम्ही घोड्यावरचे वीर, आमचे पूर्वज राज्यं बुडवणारे, आणि आमचं गोत काय, तर माशाच्या तेलाचा वास मारणारे हे भिकारडे? असले नातेवाईक नकोत आम्हाला! उरल डोंगरांच्या पलीकडं ओब नदीवर मासे मारणारे तर त्यांचे जवळचे चुलतभाऊ, त्यांचं तर नावच काढायला नको. हे सांगताना संतरामला खराखुरा संताप यायचा. बाकावर मूठ आपटून तो म्हणायचा, "रक्ताला रक्त न म्हननारा मानूस! थूत त्याच्या घोड्यावर!" चहावाला दाद द्यायचा. एस्टोनियाची गोष्टही तो अशीच सांगायचा, की रशियानं त्या बिचाऱ्यांच्या जमिनीवर आपले तळ ठोकले आणि तिथून विमानं उडाली ती खाडीपलीकडच्या भावाच्या घरावर बाँब टाकायला. त्या एस्टोनियावाल्यांना निदान बंदूक दाखवली होती. त्याला आज कुणी दाखवली होती? विश्वंभरपंतांच्या सदऱ्यावरच्या पानाच्या शिंतोड्यांना घाबरला होता तो?

हेच सगळं त्यानं गेल्या दिवाळीत तिलाही सांगितलं होतं. ती अंगणात बसून ओढणीला आरसे टाचत होती आणि तो त्यांच्या बोलीत तिला फिनलंड सांगत होता. तांड्यावर गेलं की त्याची जीभ सैल व्हायची, शहरात दिवसभर आवळून बांधलेलं धोतर घरी आल्यावर सोडावं तशी. तिनं दोऱ्याची गाठ दातानं तोडली आणि विचारलं, मग ते दोघं भाऊ पुन्हा भेटले का? भेटले, तो म्हणाला, पण घोडेवाल्याला लाज वाटली, माशांचा वास येतो म्हणून. तिला ते पटेना. मासे खाल्ले म्हणून काय झालं, ती म्हणाली, भाऊ तो भाऊच ना! आणि मग बराच वेळ तिनं वर बघितलं नव्हतं. तेव्हा त्याला वाटलं होतं की तिला सुईत दोरा ओवायचा आहे. आज, नकाशापुढं उभं राहून, त्याला वाटलं की तिला तेव्हाच सगळं कळलं होतं.

राठोड हे आडनाव मोठं सोयीचं. मारवाडातले रजपूत, कधीकाळी इकडं आलेले, एवढं म्हटलं की शहरातले लोक मान डोलावत. ते पुरतं खोटंही नव्हतं. तांडा मूळचा तिकडचाच, म्हणून तर बाजारातला मारवाडी कापडवाला याडीचं बोलणं निम्मंअधिक ओळखायचा आणि तरीही तोंड फिरवून मराठीत उत्तर द्यायचा. मारवाड्यालाही माशांचा वास नको होता. शाळेत नोकरीला लागताना कारकुनानं विचारलं, आई? संतराम म्हणाला होता, लहानपणीच गेली. त्याबद्दल त्यानं स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं होतं. आई गेली हे खोटं कसं? आई त्याला कधी नव्हतीच, त्याला होती ती याडी. फिन लोकही आज आईला अ‍ॅइती म्हणतात, आणि तो शब्द त्यांचा नाही, जुन्या जर्मन शेजाऱ्यांकडून उसना आणलेला. त्यांचा घरचा शब्द एमॅ. तो आता उरलाय गाई-मेंढ्यांपुरता, पिल्लाची मादी सांगायला. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्यानं पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नव्हतं. आज त्याला त्या पुस्तकाचाही राग आला. सगळं लिहून ठेवलं होतं त्यात, आणि काडीचा उपयोग झाला नव्हता.

शाळा सुटली तसा तो कुणाशी न बोलता बाहेर पडला. कडुनिंबाखाली नाही, सराईपाशी नाही, स्टेशनाच्या वाटेवरही नाही. गेली असेल परत, त्याला वाटलं, आणि त्या विचारानं क्षणभर बरं वाटलं, त्याचीही त्याला किळस आली. तेवढ्यात मागून लतीफ मास्तरांनी हाक मारली. लतीफ शाळेत फारसी शिकवायचे. घरी मराठी शब्द मिसळलेली दखनी उर्दू बोलायचे, आणि हैदराबादेहून येणारे साहेब लोक त्यांच्या तोंडचं 'नको' ऐकून नाक मुरडायचे. "घरी चला," ते म्हणाले. "तुमची वालिदा माझ्या ओट्यावर बसल्यात. खतीजानं, माझ्या बीवीनं, बसवलंय."

"माझी आई लहानपणीच..." तो सवयीनं बोलून गेला.

"राठोड," लतीफ म्हणाले, "तीन सालांखाली तुमाला टायफाईड झालता. आठ दिवस मी उशाशी व्हतो. याडी याडी करत व्हता तुमी. मला तवापासून मालूम हाय. तुमी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. पर आज तुमी हसला ते मी खिडकीतून पायलं." एवढं बोलून ते पुढं चालू लागले. संतरामला त्यांचाही राग आला. वर्षभर हा माणूस हॉटेलात बसून त्याची घोडेवाल्यांची गोष्ट ऐकत होता, दाद देत होता, आणि मनात काय म्हणत असेल!

ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. खतीजाबीनं ठेवलेला पाण्याचा तांब्या शेजारी तसाच भरलेला. खतीजाबी त्याला बघून आत गेल्या. तो समोर उभा राहिला आणि आपल्या बोलीत म्हणाला, याडी. हळू म्हणाला, कारण गल्लीत माणसं होती. तिनं मान वर केली, ओढणी सारखी केली, आणि मराठीत बोलली. जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याशी मराठीत बोलली.

"मास्तर, येक इचारायचं व्हतं. तकलीफ देते तुमाला. शिरगणतीवाले, मानसं मोजनारे बंडोपंत आलते आमच्या तांड्यावर. बोली कोनती म्हून इचारून राहिले. किसनसिंग म्हनला, गोर बोली. ते म्हनले, असली भाषा कुठं ऐकली न्हाई, मराठी लिवून टाकतो. मी म्हनलं, थांबा, लिवू नका. शहरात आमच्या वळखीचे येक मास्तर हायेत. दुनियेतल्या बोल्या ठाव हायेत त्याईला. कोन कुनाचा भाऊ, समदं सांगतेत. त्याईला इचारून येते." ती थांबली. "उद्या दुपारपातुर सांगा म्हनले बंडोपंत. तवा आमच्या बोलीला काय नाव लिवायचं, तेवढं सांगा. मी जाते."

आमच्या वळखीचे! तो खाली बसला, तिच्या पायांपाशी, आणि भराभर आपल्या बोलीत सांगू लागला, की चुकलं, तोंडातून गेलं, लोक होते. ती ऐकत राहिली, पाहुण्याचं ऐकावं तशी. त्याचं झाल्यावर म्हणाली, "मला न्हाई कळत तुमी काय बोलून राहिले. येडी हाय ना मी."

लतीफांनी आतून कागद आणि दौत आणून दिली. संतरामनं उर्दूत लिहिलं, कारण बंडोपंतांचं दफ्तर उर्दूत, की तांड्याच्या लोकांची भाषा गोर बोली, ती मराठी नव्हे, तिचं नातं मारवाडीशी लागतं. खाली सही केली. तिनं कागद घेतला तो त्याच्या हाताला हात न लागू देता, आणि लतीफपुढं धरला. "भाऊ, वाचा बरं काय लिवलंय." लतीफांनी वाचून दाखवलं. त्याच्या लिहिण्यावर तिचा भरवसा उरला नव्हता, आणि ते तिनं परक्याच्या ओट्यावर, परक्या माणसाकडून तपासून घेतलं. मग ओढणीच्या टोकाला कागदाची गाठ मारून ती उठली.

कयाधूकडं उतरणारा रस्ता बाजारातून जातो. ती पुढं, तो पाच पावलं मागं. तिची चाल त्याच्यापेक्षा लांब ढांगांची, त्याला जवळपास पळावं लागत होतं. वाचनालयासमोर हॉटेलात नेहमीची मंडळी बसली होती. विश्वंभरपंतही होते, पुढ्यात शिरगणतीचे कागद पसरून. शहरातल्या तीन गल्ल्यांची मोजणी सरकारनं त्यांच्या गळ्यात मारली होती आणि त्यात संतरामची गल्लीही होती. त्यांनी लांबूनच हात केला. "काय राठोड! ती येडी अजून पिच्छा सोडून नाही राहिली का?"

तो थांबला. आवाज फाटलाच. "येडी न्हाई, पंत! याडी. काना हाय तिथं, मात्रा न्हाई. याडी म्हंजे आई. ही माझी आई हाय. मी तांड्यावरचा लमाण हाय, रजपूत न्हाई. तुमी माझ्या नावापुढं मादरी जबान मराठी लिवली असंल. ती खोडा. आत्ताच्या आत्ता खोडा आनि गोर लिवा!"

चहावाल्यानं किटली खाली ठेवली. विश्वंभरपंत वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा पडला, त्यांनी टोपी सारखी केली, कागद चाळून त्याचा कागद वर काढला. आणि ती थांबली. पुढं गेलेली ती दोन पावलं मागं आली, संतरामकडं न बघता हॉटेलच्या पायरीशी उभी राहिली, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सायेब. खोडू नका. जे लिवलंय ते बराबर हाय. मास्तर तुमचेच हायेत. आमच्यात धरू नका त्याईला."

एवढं बोलून ती वळली. संतरामला ओरडायचं होतं, की हे तू ठरवायचं नाही, रक्त कुणाच्या ठरवण्यावर असतं का! आणि त्याच्या लक्षात आलं की हे तो याच बाकावर बसून वर्षभर सांगत होता आणि लोक चहा पीत ऐकत होते. रस्त्याच्या उतारावर बांगड्या वाजत होत्या. "याडी!" तो किंचाळला, भर बाजारात. मारवाडी कापडवाला दुकानाबाहेर येऊन बघू लागला. "याडी!" ती मागं वळली नाही. ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं, कागदाच्या गाठीसकट, आणि ती तशीच नदीच्या दिशेनं उतरत गेली.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "येडा झाला मास्तर."

विश्वंभरपंतांनी टाक दौतीत बुडवून वर काढला होता. शाई कागदावर गळू नये म्हणून त्यांनी तो बाजूला धरला आणि फार हळू आवाजात विचारलं, "राठोड, मग काय लिहू?"

ते अजून त्याच्या तोंडाकडं बघत होते, आणि तो उताराकडं, जिथून बांगड्या आता ऐकू येत नव्हत्या.